बारा व्होल्टांचा रोजमेळ

मुलीच्या बाळंतपणानिमित्त गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता लंडनच्या एका उपनगरात चार महिने होतो. नातीचे बारसे झाले, पाहुणे पांगले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सौभाग्यवतींनी मला एका कामगिरीवर रवाना केले. आमचा धाकटा मुलगा कॉर्नवॉलमध्ये पेनरिन येथील विद्यापीठात संशोधन करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने भाड्याची खोली सोडली आणि तीस फुटी जुनी शिडाची बोट विकत घेऊन तो तिच्यातच राहू लागला. कामगिरी एका वाक्याची होती : "त्याला जमिनीवर आणा."

पॅडिंग्टन स्थानकातून निघालेली गाडी डॉलिश गावापाशी अगदी समुद्राला खेटून धावते. पुढे ब्रुनेलने १८५९ साली बांधलेल्या पुलावरून टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल सुरू होते. ट्रूरोला गाडी बदलायची आणि लहानशा फाट्याने पेनरिन. सुमारे पाच तासांच्या या प्रवासात मी मुलाला काय काय सांगायचे याची मनात टिपणे काढीत होतो. बँकेत चौतीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली आहेत. समोरच्याचा उत्साह आकड्यांनी कसा थंड करावा, हे मला चांगले ठाऊक आहे.

पेनरिनची खाडी पुढे फाल्मथच्या बंदराला मिळते. फाल्मथ हे जगातील खोल नैसर्गिक बंदरांपैकी एक. दीडशेहून अधिक वर्षे इंग्लंडची परदेशी टपाल-जहाजे येथून सुटत असत. आपल्या दृष्टीने या गावाला आणखी एक महत्त्व आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी येथूनच एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी येथेच परतला. असे करणारा तो पहिला मनुष्य. त्याची ३२ फुटी 'सुहैली' ही बोट मुंबईत, आपल्या कारागिरांनी, सागवानात बांधलेली होती. मुलाने हे मला स्थानकापासून धक्क्यापर्यंत चालताना सांगितले. मी काही बोलण्याआधीच त्याने साक्षीदार उभा केला होता.

धक्क्यावरून वल्ह्यांच्या छोट्या होडीने दहा मिनिटांत बोटीपर्यंत पोचलो. खाडीच्या तळाशी जड वजन टाकलेले असते, त्याला साखळी, साखळीच्या टोकाला तरंगता बोया आणि त्या बोयाला बोटीचे नाक बांधलेले. खुंटाला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीइतकी फिरते, तशी बोट वारा आणि भरती-ओहोटीप्रमाणे बोयाभोवती फिरते. असे दावे धक्क्यालगतच्या जागेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. धक्क्यालगत वीज मिळते, पाण्याचा नळ मिळतो. येथे दोन्ही नाही. पाणी टाकीत भरून आणायचे आणि वीज स्वतः कमवायची.

आत शिरलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि ऊन उतरले होते. एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाके, मध्ये घडीचे टेबल, कोपऱ्यात दोन बर्नरची शेगडी. घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आमची रीत. येथे नोव्हेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. मुगाची खिचडी आणि सौभाग्यवतींनी दिलेले मेतकूट असे जेवण आम्ही उजेडीच उरकले. मुलगा हसून म्हणाला, "अण्णा, आपल्या घरच्या या रीतीने माझा एक दिवा वाचतो." मग त्याने भिंतीवरचा एक छोटा चौकोन दाखवला. त्यावर आकडा होता : १२.४.

"ही आपली शिल्लक," तो म्हणाला.

त्या रात्री मी त्याच्याकडून एक कोरी वही मागून घेतली आणि आमच्या वडिलांच्या हळदीच्या अडतीत जशी कीर्द लिहीत तशी जमा-नावेची दोन पाने आखली. मुलाला वाटले, अण्णांना गोडी लागली. माझा हेतू वेगळा होता. तोटा त्याच्याच हस्ताक्षरात सिद्ध करायचा होता.

आधी वजन-माप समजून घ्यावे लागले. एक अँपिअर प्रवाह एक तास चालला की एक अँपिअर-तास. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे ८३ अँपिअर-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील सुमारे एक युनिट. मुलाचा दिवसाचा खर्च मांडला तो असा : लॅपटॉपला २०, ऊबयंत्राच्या पंख्याला १०, मोबाइल आणि इंटरनेटच्या डबीला ८, सगळ्या दिव्यांना मिळून ४, पिण्याच्या पाण्याच्या पंपाला आणि किरकोळीला २, आणि बोटीच्या तळात साचणारे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला १. एकूण ४५. फ्रिज हिवाळ्यात बंदच. म्हणजे एका तरुण माणसाचा सगळा संसार दिवसाला जेमतेम अर्ध्या युनिटावर चालला होता. आमच्या सांगलीच्या घरातील गिझर इतकी वीज पंधरा मिनिटांत खातो. मी खर्चाच्या पानावर उधळपट्टी शोधत होतो, ती सापडेना.

जमेच्या पानावर मात्र हात आखडता होता. बोटीवर प्रत्येकी शंभर वॅटची दोन सौर पाने आहेत. जूनच्या निरभ्र दिवशी ती ६० अँपिअर-तास देतात आणि तेव्हा फ्रिज चालवूनही शिल्लक पडते. नोव्हेंबरच्या मध्यास मात्र फाल्मथचा सूर्य भर दुपारी क्षितिजापासून अवघा २१ अंश वर येतो. त्याच दिवशी सांगलीत तो ५४ अंशांवर असतो. दिवस नऊ तासांचा, त्यातही ढग. जमा : १०. मी म्हणालो, "पाने तिरपी करून दक्षिणेकडे वळव." बँकेच्या गच्चीवर आम्ही तसेच केले होते. मुलगा म्हणाला, "वळवतो, पण ओहोटीला दक्षिणेकडे असलेली बाजू भरतीला उत्तरेकडे जाते. घराचे तोंडच ठरलेले नाही." शिवाय डोलकाठीची, दोरांची, आडव्या काठीची सावली. पानावरच्या एका कोपऱ्यावर बोटभर सावली पडली तरी त्या सबंध रांगेचा प्रवाह आटतो, कारण पेशी एकीमागे एक साखळीने जोडलेल्या असतात. सीगल पक्ष्यांचा प्रसाद वेगळा. तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावा लागतो आणि ते काम तेथील मुक्कामात माझ्याकडे आले.

दुसरे साधन पवनचक्की. बोटीच्या मागच्या खांबावर हातभर लांबीच्या पात्यांची. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते : वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. याची दुसरी बाजू अशी, की वेग निम्मा झाला तर हातात आठवा हिस्सा उरतो. वीस नॉटच्या वाऱ्यात ही चक्की सात-आठ अँपिअर देते आणि दहा नॉटमध्ये एकसुद्धा धड नाही. कॉर्नवॉल वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, मग अडचण काय? अडचण ही, की हिवाळ्यातले जोरदार वारे येतात नैर्ऋत्येकडून आणि या खाडीच्या नैर्ऋत्येला फाल्मथ गाव टेकडीवर बसलेले आहे. टेकडीच्या आडोशामुळेच शेकडो बोटी येथे निर्धास्त बांधलेल्या असतात. ज्या आडोशासाठी दावणीचे भाडे भरायचे, तोच आडोसा चक्कीची कमाई खातो. मला हे फार ओळखीचे वाटले. आमच्या बँकेत लोक मुदतठेवीची निर्धास्ती आणि शेअरबाजाराचा परतावा, दोन्ही एकाच पावतीवर मागायला येत असत. चक्कीची आठवड्याची सरासरी काढली तर दिवसाला ८ ते १० जमा.

तिसरा मार्ग पाण्याचा. दूरच्या प्रवासातील बोटी मागे पाण्यात पंखा सोडतात आणि बोटीच्याच वेगाने वीज मिळवतात. पण बांधलेल्या बोटीला वेग कुठला? खाडीचा प्रवाह माणसाच्या चालीपेक्षाही मंद, आणि येथेही तोच घनाचा नियम. 'सुहैली'चे उदाहरण देणाऱ्या चिरंजीवांना मी ही गोष्ट आवर्जून दाखवली : फिरणारी बोट कमावते, बांधलेली बोट खाते. ते त्यांनी मान्य केले.

राहिले इंजिन. पंचवीस-सत्तावीसची तूट भरून काढायला मुलगा रोज संध्याकाळी तासभर डिझेल इंजिन नुसतेच चालू ठेवी. यात त्याचे दुहेरी नुकसान होत होते. डिझेल इंजिनाला पुरेसे ओझे न देता तासन्‌तास चालवले की त्याच्या सिलिंडरची आतली बाजू गुळगुळीत, काचेसारखी होते आणि ते तेल पिऊ लागते. आणि शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की पहिले ऐंशी टक्के ती भराभर घेते; उरलेले वीस टक्के घेण्यास तिला पाच-सहा तास लागतात. तासाभरात ती कधीच पूर्ण भरत नाही. सतत अर्धीमुर्धी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात आणि तिची पोटखोलीच कमी होते. मुलाच्या दोन बॅटऱ्यांची क्षमता कागदावर २२० अँपिअर-तास होती, त्यातली निम्मीच वापरावी असा दंडक. मी विचारले, "ही पुस्तकी किंमत झाली. आजचा बाजारभाव काय?" तो गप्प राहिला. त्याने तो काढलाच नव्हता.

चौथ्या दिवशी मुलाला कामासाठी एक्सेटरला जायचे होते. जाण्यापूर्वी त्याने बजावले : "अण्णा, आकडा बारा-दोनच्या खाली जाऊ देऊ नका." सकाळी तो नेमका १२.२ होता, मागचे तीन दिवस धुके आणि बारीक पाऊस, चक्की निश्चल. मी होय म्हणालो. पण त्या ओल्या थंडीत एकट्याने बसवेना. मी ऊबयंत्र लावले. दुपारी नातीला पाहायचे म्हणून लॅपटॉपवर तासभर लंडनशी बोललो, मग कर्नाटकातल्या धाकट्या भावाशी बोललो. अंधार पडल्यावर दोन दिवे लावले. सातच्या सुमारास त्या चौकोनातून बारीक पीं-पीं असा आवाज येऊ लागला. आकडा ११.९. शेजारी एक बटन होते. ते दाबले, आवाज थांबला.

येथे मला कबुली द्यावी लागते. नोकरीत असताना एका शाखाधिकाऱ्याने ओव्हरड्राफ्टची सूचना टपालाच्या टोपलीत तळाशी सरकवली होती, तेव्हा त्याच्यावर शेरा मारणारा मीच होतो. मुलगा रात्री दहाला भिजून परतला. शेजारच्या बोटींत माणसे झोपलेली म्हणून त्याने इंजिन लावले नाही. "आकडा?" त्याने विचारले. "ठीक आहे," मी म्हणालो. सकाळी सांगू, असा विचार केला. ऊबयंत्र चालूच राहिले.

मध्यरात्रीनंतर वारा सुटला. टेकडीवरून येणारे झोत चक्कीवर आदळत. ती क्षणभर किंचाळे आणि थांबे. पाऊस मुसळधार. पहाटे चारला मी लघुशंकेसाठी उठलो आणि पाय पाण्यात पडला. बर्फासारखे पाणी, घोट्याच्या वर. फळ्या तरंगत होत्या.

२०१९ साली कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीच्या घरात आले, तेव्हा प्रथम असेच पायाला कळले होते. त्या वेळी निदान घराखाली जमीन होती. मी हाक मारली. मुलगा उठला, त्याने एकदा पाण्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिले. आकडा नव्हताच; चौकोन काळा होता. तो मला एक शब्दही बोलला नाही. वर जाऊन त्याने हातपंपाचा दांडा काढला आणि मागे-पुढे करू लागला.

काय झाले होते ते नंतर उलगडले. बोटीचा पंखा फिरवणारा दांडा जेथे तळातून बाहेर जातो, तेथे ग्रीसमध्ये भिजवलेल्या दोऱ्याची बांधणी असते. ती मुळातच थेंब-थेंब गळणारी. जुनी झाल्याने जरा जास्त गळत होती. वरून डोलकाठीच्या बुडाशी पावसाचे पाणी उतरत होते. एरवी तळात पाणी चढले की तरंगणारे बटन वर उचलले जाते आणि पंप मिनिट-दोन मिनिटे चालतो. माझ्या कीर्दीतला तो सर्वांत लहान आकडा : १. त्या रात्री बटन उचलले गेले असणार, पण पंपाला द्यायला बॅटरीत काही उरले नव्हते. सगळे घेणेकरी एकाच खात्यातून काढत होते आणि ज्याचा हक्क पहिला, तो रांगेत शेवटी उभा होता.

इंजिनाची बॅटरी स्वतंत्र होती, ती शाबूत होती. पण पाणी इंजिनाच्या मोठ्या चाकापर्यंत चढलेले. चालू केले असते तर ते चाकाने सगळीकडे उडाले असते. म्हणून आधी हातानेच उपसणे भाग होते. मुलगा दमल्यावर मी दांडा घेतला. एका हेलकाव्याला साधारण लिटरभर पाणी. रोखपालाची जुनी सवय, मी मोजत राहिलो. माझे २६० झाले; त्याचे किती, ते त्याने मोजले नाहीत. पाणी खाली गेल्यावर इंजिन लागले, दिवा पेटला, आणि पंप स्वतःहून घरघरू लागला. तो आवाज ऐकून मी बाकावर बसलो, तो बराच वेळ उठलो नाही.

उजाडल्यावर चहा करताना मी त्याला पीं-पीं आवाजाचे आणि बटनाचे सांगितले. तो म्हणाला, "बटन मला ठाऊक होते, अण्णा. रात्री मी आकडा स्वतः पाहायला हवा होता. तुम्ही बँकेतले, म्हणून विश्वास ठेवला." त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण लागायचे तिथे लागले.

मी त्याला जमिनीवर आणायला गेलो होतो आणि बोट बुडवायला मीच निघालो होतो. त्यानंतर 'हे सोडून दे' असे म्हणण्याचा अधिकार माझ्याजवळ उरला नाही, असे मला वाटले. उरलेले सहा दिवस आम्ही वही पुढे ठेवून खाते दुरुस्त केले.

पहिले काम पंपाचे. त्याच्यासाठी ३५ अँपिअर-तासांची निराळी छोटी बॅटरी आणि तिला स्वतःचे २० वॅटचे सौर पान. नोव्हेंबरात ते दिवसाला एखादा अँपिअर-तास देते आणि पंपाला तेवढाच लागतो. या खात्यातून दुसऱ्या कोणालाही उचल नाही. तारच दुसरीकडे जात नाही. दांड्याभोवतीची बांधणी ओहोटीला बोट चिखलात टेकवून नवी केली. पैसे मी देऊ केले. त्याने घेतले नाहीत. मग बिनव्याजी कर्ज म्हणून देऊ केले, तेव्हा घेतले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर हप्ते लिहिले.

जुन्या बॅटऱ्यांचा बाजारभाव काढला. पूर्ण भरून, ठराविक दिवा लावून, घड्याळ लावून. २२० च्या जागी १३० निघाले. हरिपूरच्या आमच्या हळदीच्या पेवांत २००५ च्या पुरानंतर असेच झाले होते. तोंडाशी पेव तेच, आत किती राहते ते उतरल्यावरच कळे. बॅटऱ्या बदलणे त्याने उन्हाळ्यावर ढकलले. तोवर १३० हाच खरा आकडा धरून, त्याच्या निम्म्यावर, ६५ वर, सगळा हिशेब बसवायचा होता.

जमा वाढवण्याचे सगळे मार्ग पाहून झाले होते. आणखी पाने लावायला जागा नाही, लावली तरी सावलीत. म्हणून कात्री नावेच्या पानाला लावली. लॅपटॉप विद्यापीठातच भरून आणायचा : १५ वाचले. इंटरनेटची डबी झोपताना बंद : ३. ऊबयंत्र संध्याकाळी दोनच तास, पुढे गरम पाण्याची पिशवी आणि सांगलीहून नेलेली घोंगडी : ६. खर्च ४५ वरून २१ वर आला. त्यातला पंपाचा एक आता निराळ्या खात्यात. इंजिन रोज नुसते धडधडवण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, बोट सोडून पाणी भरायला धक्क्यापर्यंत नेताना चालवायचे. त्याला ओझे मिळते आणि त्याच फेरीत बॅटरीही भरते. परतताना मुलगा बोया पकडायला पुढे वाकतो आणि सुकाणू माझ्या हाती असे. तिसऱ्या खेपेला बोया पहिल्याच प्रयत्नात हाती आला.

निघण्याच्या आदल्या दिवशी आकाश स्वच्छ होते आणि वायव्येकडून वारा येत होता. त्या बाजूने खाडी उघडी, टेकडी आड येत नाही. चक्की सकाळपासून एका सुरात फिरत होती. संध्याकाळी साडेचारला, जेवणे आटोपल्यावर, आकडा १२.७ दाखवत होता. मुलगा म्हणाला, "आज लॅपटॉप इथे चालवू या." आम्ही नातीला पाहिले. सौभाग्यवती पलीकडून विचारीत होत्या, "काय म्हणतो? येतो का जमिनीवर?" मी म्हणालो, आकडेमोड चालू आहे.

आता तो रोज रात्री झोपण्यापूर्वी मला फक्त एक आकडा पाठवतो. त्या वेळी सांगलीत पहाट झालेली असते. मी तो वहीत लिहून ठेवतो. घोट्याइतक्या पाण्याची हकीकत मात्र घरात अजून सांगितलेली नाही. आपले मासिक आमच्या घरी आधी सौभाग्यवतींच्या हाती पडते, तेव्हा ती आता कळेल.